परदेशातून पाळंमुळं शोधायला आलेल्यांचा नागपुरातला पहिला दिवस: या चुका टाळा

माझ्या कपाटात एका जुन्या रजिस्टरच्या अकरा पानांचे छापून घेतलेले फोटो आहेत. शाई फिकी आहे, पण अक्षर लागतं, नावं लागतात. फक्त एकाही फोटोत पानाचा माथा आलेला नाही. आणि माथ्यावरच तर सगळं असतं: मौजा म्हणजे महसुली गाव, पटवारी हलका नंबर म्हणजे एका पटवाऱ्याकडच्या गावांच्या गटाचा नंबर, बंदोबस्त नंबर म्हणजे जमीनमहसूल ठरवताना गावाला दिलेला नंबर, आणि तहसील. फोटो काढणारा माझा चुलतभाऊ त्या दिवशी पहाटे टोरांटोहून नागपुरात उतरला होता आणि मी त्याला दुपारी तीन वाजता कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये नेऊन उभं केलं होतं. तो उभ्याउभ्या डुलत होता. मला वाटलं, आलाच आहे तर एक काम उरकून जाईल.

त्या फोटोंच्या भरवशावर आम्ही चार दिवस एका गावात घरोघर फिरलो. गाव चुकीचं निघालं. आमचं गाव त्याच नावाचं, पण दुसऱ्या तहसिलीतलं. हे कळलं तेव्हा त्याचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता ते त्याचे वडील दोन वर्षांनी गेले. त्यांना गावाचा एक फोटोसुद्धा दाखवता आला नाही, आणि तो दोष मी माझ्याकडे घेते.

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीहून माझ्या मामेभावाची मुलगी आणि मुलगा आले. दोघंही तिकडेच जन्मलेले, तिकडेच वाढलेले. त्यांना पणजोबांचं जन्मगाव शोधायचं होतं. ते पणजोबा म्हणजे माझ्या आईचे वडील. यावेळी पहिल्या दिवसाला मी हात लावू दिला नाही, ना कचेरीला, ना नातेवाइकांना. तो दिवस कसा घालवावा आणि कसा घालवू नये, हे ज्यांच्या घरी अमेरिका-कॅनडा-इंग्लंडातून अशी पोरं येणार आहेत त्यांच्यासाठी लिहिते आहे. आणि येणाऱ्यांसाठीही.

दुपारचे तीन म्हणजे पहाटेचे साडेचार

आपण म्हणतो, "प्रवासाचा शीण आहे, आंघोळ केली की जाईल." शीण आंघोळीनं जातो, जेटलॅग जात नाही. न्यू जर्सी आणि नागपूर यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. उन्हाळ्यात त्यांच्याकडे घड्याळ एक तास पुढं करतात, तेव्हा साडेनऊ. आपल्याकडे दुपारचे तीन वाजले की पाहुण्याच्या अंगात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं, डोळ्यांवर झोपेची झापडं येतात, ती हीच वेळ. अशा वेळी माणूस बोलतो, हसतो, मान डोलावतो, पण त्याला ओळ दिसत नाही. माझ्या भावाला रजिस्टरच्या पानाचा माथा दिसला नाही, तो याच वेळी.

आतलं घड्याळ दिवसाला साधारण एक तास या हिशेबानं सरकतं, म्हणजे पूर्ण बसायला आठ-दहा दिवस लागू शकतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना जास्त जड जातं, कारण माणसाचं अंगचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्याला दिवस लांबवायला सोपं, आखूड करायला अवघड. दोन आठवड्यांची रजा घेऊन आलेल्यानं हे गणित विमानाचं तिकीट काढतानाच मांडावं आणि कागदपत्रांची, गावी जाण्याची कामं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, तीही सकाळच्या वेळी ठेवावीत.

एक चूक अगदी चांगल्या मनानं होते. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सकाळी सात वाजता "कोवळ्या उन्हात चला" म्हणून अंबाझरीला फिरायला नेतात. उजेडानंच घड्याळ सरकतं हे खरं, पण तो उजेड कधी डोळ्यांवर पडतो त्यावर ते पुढं सरकेल की मागं हे ठरतं. अंगातल्या पहाटेच्या त्या सगळ्यात खालच्या टप्प्यानंतरचा उजेड घड्याळ आपल्याकडे ओढतो, त्याच्या आधीचा उलट ढकलतो. लंडनहून आलेल्याचा तो टप्पा हिवाळ्यात आपल्याकडच्या साडेनऊच्या आसपास येतो. त्याला सकाळी सातला उन्हात नेलं तर रात्री झोप यायची वेळ आणखी पुढं जाते, दहानंतर न्यावं. न्यू जर्सीवाल्यांचा टप्पा दुपारी तीन-साडेतीनला. त्यांना चारनंतर बाहेर काढायचं. आमच्या भाचरांना मी साडेचारला फुटाळ्यावर नेलं आणि सूर्य बुडेपर्यंत काठावर बसवून ठेवलं. भाचा दोनदा पेंगला, दोनदा त्याला उठवून चालवलं. मक्याचं कणीस खाल्लं, तलावाकडे बघत बसलो, बोललो फार कमी. त्या दिवसातलं हे एवढंच बाहेर पडणं.

झोप: किती, कधी, कशी

विमान पहाटे उतरलं तर घरी येईपर्यंत उजाडतं. पाहुणे म्हणतात, "थोडं पडतो." आपण दार लोटून घेतो, आणि "झोपू द्या बिचाऱ्यांना" म्हणत दुपारी तीनपर्यंत कुणी उठवत नाही. मग ते रात्रभर टक्क जागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे पाच दिवस मी एका घरात पाहिले आहेत. ती मुलं नागपूर बघून गेली नाहीत, नागपुरातला एक पंखा बघून गेली.

दुपारी अर्धा तास, फार तर पाऊण तास झोपू द्या, गजर लावून. त्यापेक्षा जास्त झालं की माणूस गाढ झोपेत उतरतो आणि उठल्यावर तासभर सुन्न राहतो. उठवायची जबाबदारी घरातल्या एकानं घ्यावी आणि दया दाखवू नये. दुपारनंतर चहा-कॉफी नको. कॉफीतलं अर्धं कॅफीन पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं. रात्री नऊपर्यंत कसंबसं जागं ठेवलं की पहिली रात्र निम्मी तरी जिंकली.

निम्मीच म्हणते, कारण दोन-तीन वाजता जाग येणारच. त्याची तयारी आधी करून ठेवा. थर्मासात गरम पाणी, टेबलावर केळी, चिवडा, बिस्किटं. मंद दिवा. स्वयंपाकघराचा दिवा कुठं लागतो आणि कडी कशी उघडते हे संध्याकाळीच दाखवून ठेवा. परक्या घरात भुकेनं जागं पडून राहण्यासारखं केविलवाणं काही नाही. आणि फोन दूर ठेवायला सांगा. तिकडे दुपार असते, मित्रांचे निरोप येतच राहतात.

थंडीचंही सांगून ठेवते. ही मुलं बर्फातून येतात, म्हणून आपण त्यांना रजई देत नाही. पण त्यांच्याकडे घराच्या आत ऊब असते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बाराच्या खाली उतरतो आणि फरशी गार पडते. भाची पहिल्या रात्री स्वेटर, मोजे घालून दोन गोधड्यांत झोपली.

मेलाटोनिनच्या, म्हणजे झोपेची वेळ जुळवायच्या, गोळ्या कुणी सोबत आणल्या असतील तर त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आणि साखर, रक्तदाब, थायरॉइड यांच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत त्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून वेळा लिहून घ्याव्यात. साडेदहा तासांच्या फरकात "रात्रीची गोळी" नेमकी कधीची, यात मोठी माणसं हमखास गोंधळतात.

गणगोत रविवारी

पहिल्या संध्याकाळी बावीस माणसं जेवायला बोलावणं ही आपली सवय. "इतक्या वर्षांनी लेकरं आली, अन् भेटू नाही देत?" असा राग येतो, आला माझ्यावरही. पण विचार करा. ज्याच्या अंगात सकाळ होते आहे, त्याला आपण सावजीचा रस्सा वाढतो. एकामागून एक माणूस येतो, "ओळखलं का मला?" विचारतो. कुणाचं नाव, कुणाशी काय नातं, कोण कुणाचा साळा, यातलं दुसऱ्या दिवशी काहीही डोक्यात राहत नाही. वंशावळ जुळवायला आलेल्या पोरांसाठी तीच तर सगळी पुंजी असते, आणि ती पहिल्याच रात्री वाया जाते.

सगळ्यांना रविवारी बोलवा. पहिल्या दिवशी वरण-भात, तूप, लिंबू, एखादी साधी भाजी. पोटाचं घड्याळही उलटं झालेलं असतं. तर्री पोहे तिसऱ्या दिवशी. पाणी उकळलेलं किंवा बाटलीचं.

अगदी थोडक्यात एक: मुंबईला उतरून तिथूनच गाडी भाड्यानं घेऊन समृद्धी महामार्गानं स्वतः चालवत यायचा बेत कुणी करत असेल तर मोडून काढा. ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता आणि अंगात मध्यरात्र.

पहिल्या दिवशी कचेरी नको, का ते नीट समजून घ्या

दुपारी डोळे मिटतात हे एक कारण झालं. दुसरं असं, की कचेरीत काय मागायचं ते पहिल्या दिवशी माहीतच नसतं. जुन्या कागदांचा कारभार ज्याला ठाऊक नाही त्याला वाटतं, आजोबांचं नाव सांगितलं की बाबू नोंद काढून देईल. तसं होत नाही. नोंदी गाववार असतात. गाव पक्कं, तहसील पक्की, वर्षाचा अंदाज, तरच पान उघडतं.

आणि गाव पक्कं करणं हेच विदर्भात सगळ्यात कठीण. पिपरी, सावंगी, बोरगाव, खापा ही नावं आपल्याकडे ठिकठिकाणी आहेत. वर्ध्याजवळच्या सावंगीला म्हणून तर लोक सावंगी मेघे म्हणतात. नुसतं "सावंगी" ऐकून आलेला माणूस कुठं जाईल? अशा वेळी पटवारी हलका नंबर आणि बंदोबस्त नंबर हीच गावाची खरी ओळख.

त्यात तहसिली बदललेल्या. आज नागपूर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, चारच तहसिली होत्या: नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल. आज पारशिवनीत असलेल्या गावाचा जुना कागद रामटेकच्या नावानं असतो. जिल्ह्यांचंही तसंच. जुन्या दाखल्यावर "चांदा" लिहिलेलं असेल तर ते आजचं चंद्रपूर, आणि १९८२ साली त्यातून गडचिरोली निघाला, म्हणून गाव तिकडंही असू शकतं. "भंडारा" लिहिलेलं असेल तर १९९९ नंतरचा गोंदिया पाहावा. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि पुढं जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे सौंसर, पांढुर्णा इकडची मराठी घरं आणि नागपूरची घरं एकाच कारभारात नांदत होती. आता मध्ये राज्याची सीमा आहे. कागद हिंदीत निघाला तर घाबरू नका, तो आपलाच असू शकतो.

पाहुण्यांना आणखी एक सांगून ठेवावं लागतं: बहुतेक जुन्या नोंदींत आडनाव नसतंच. "अमुक वल्द तमुक" एवढंच असतं, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. पुढं जात. बाईचं नाव आलं तर "जौजे", म्हणजे अमक्याची बायको, किंवा "बेवा", म्हणजे विधवा. आजच्या आडनावाची इंग्रजी स्पेलिंग घेऊन शोधणाऱ्याला ही नोंद समोर असूनही दिसत नाही. मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले शब्दही वेगळे: मालिक मकबुजा म्हणजे आपल्या तुकड्याचा मालक, मौरूसी काश्तकार म्हणजे वंशपरंपरेनं जमीन कसणारं कूळ. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, तोवरचे कागद या भाषेत बोलतात. काही पानं मोडीत मिळतील. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकाराचा भेद नसतो, म्हणून नावाच्या शुद्धलेखनावर अडून बसू नये.

मागायच्या कागदांची यादी घरी बसून करा. जमिनीसाठी सातबारा, फेरफार, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीवर कुणाचा हक्क याची नोंद), त्यामागचे बंदोबस्ताचे कागद. माणसासाठी शाळेचा दाखल-खारीज उतारा आणि कोतवाल बुकाची नक्कल. हे कोतवाल बुक म्हणजे आपल्या विदर्भाचा ठेवा आहे. गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू सांगायचा, त्याची नोंद व्हायची. बाळाचं नाव त्यात बहुधा नसतं, बापाचं असतं, आणि मुलगा झाला की मुलगी ते असतं. घरात जन्मपत्रिका सापडली तर तिच्यावरच्या शकात ७८ मिळवा, इसवी सन येतं. पौषानंतरच्या तिथीला ७९.

डिसेंबरात येणाऱ्यांसाठी इशारा वेगळा. १९५३ च्या नागपूर करारापासून विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं भरवायचं ठरलेलं आहे, आणि ते हिवाळ्यात भरतं. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडतात, मोर्चे निघतात, कचेरीतली माणसं अधिवेशनाच्या कामात असतात, हॉटेलं भरलेली असतात. आणि नेमकी नाताळच्या सुट्टीला जोडून हीच तारीख परदेशातली मुलं निवडतात. शिवाय २०२० पासून सरकारी कचेऱ्या शनिवारी बंद असतात. शुक्रवारी पहाटे उतरलात तर शनिवार-रविवार आपोआप मोकळे मिळतात, हाच सगळ्यात चांगला मुहूर्त.

त्या मोकळ्या दिवसाचं काय करायचं

आमच्याकडे जे झालं ते सांगते. पहिल्या रात्री साडेतीनला मला स्वयंपाकघरात बोलणं ऐकू आलं. आई सत्त्याऐंशीची आहे, तिची झोप तशीही तीन-साडेतीनला संपते. ती फल्ली फोडत बसली होती. सुपात शेंगा, मांडीजवळ टरफलांचा ढीग. भाची दारात येऊन उभी राहिलेली दिसली तशी म्हणाली, "काहून उठलीस माय इतक्या रात्री? भूक लागून राहिली का?"

भाची तिच्यासमोर बसली आणि शेंगा फोडू लागली. तिच्या बोटांना ते जमत नव्हतं, नखानं सोलत होती. आईनं तिचा अंगठा धरून शेंगेच्या टोकाशी नेला, तिथं दाबायला लावला. शेंग फुटली. पाचेक मिनिटं दोघी काहीच बोलल्या नाहीत. मी चहा ठेवला आणि मुद्दाम पाठ करून उभी राहिले.

भाचीनं गावाबद्दल काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं, "आजी, तुमची आजी काय शिजवायची?"

आई म्हणाली, "भात. भातच भात. आजी म्हणे, माहेरी भाकर होती, इथं लग्न होऊन आले तं रोज भात. महिनाभर माझं पोटच नाही भरलं." मग जरा थांबून, "त्रिपुरीले रेंगीत बसून रामटेकले जात सगळे. एक मुक्काम रस्त्यात."

मी चहा गाळता गाळता थांबले. आमच्याकडे पणजोबांच्या गावाच्या नावाची तीन गावं कागदावर होती. एक काटोलकडचं, एक सावनेरकडचं, एक रामटेकच्या बाजूचं. काटोल म्हणजे संत्रा, कापूस, ज्वारी. धान पूर्वेकडे. रोज भात शिजणारं गाव काटोलकडचं असणारच नव्हतं. आणि कार्तिकी पौर्णिमेच्या रामटेकच्या जत्रेला बैलगाडीनं एका मुक्कामात पोचता येतं, म्हणजे सावनेरकडचंही मागं पडलं. आईला हे गाव कुठं आहे असं मी गेल्या वीस वर्षांत किती वेळा विचारलं असेल! "मले काय माहीत, मी कुठं गेले तिथं," एवढंच उत्तर मिळायचं. ती खरंच कधी गेली नव्हती. तिच्या आजोबांनी एम्प्रेस मिलच्या कामासाठी गाव सोडलं ते सोडलंच.

भाचीला रेंगी कळली नाही. आईनं ओट्यावर कणीक भुरभुरली आणि बोटानं दोन चाकं, वर कमान, पुढं जू काढून दाखवलं. भाचीनं त्याचा फोटो घेतला. फोन आधी तिनं आईला विचारून टेबलावर ठेवला होता, आवाज टिपायला. ही परवानगी विसरू नका. म्हातारी माणसं न विचारता केलेलं रेकॉर्डिंग कळलं की गप्प होतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

म्हणून त्या दिवशी प्रश्नावली काढू नका. जन्मतारीख, सर्व्हे नंबर, "कोणत्या साली" हे प्रश्न पहिल्या दिवशी म्हातारीला परीक्षेसारखे वाटतात. जेवण काय, पाणी कुठून आणायच्या, जत्रा कोणती, कुलदैवत कुठलं, घरावर कवेलू की गवत, लग्नाची वरात कुठून निघाली, हे विचारा. मग ऐका. जेटलॅगनं मंद झालेला पाहुणा घाई करत नाही, हा त्याचा एकच गुण आहे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या चालीला तो बरोबर जुळतो. घरच्या लेकींना आधी विचारा. लेक सासरी जाताना माहेरच्या आठवणी घट्ट धरून जाते. घरात राहिलेल्या मुलांना त्या धरून ठेवायची गरजच पडत नाही.

ट्रंक उघडायची असेल तर ती याच दिवशी. फोटोंच्या मागचं लिखाण, लग्नपत्रिका, जुना सेवापुस्तकाचा कागद. पण कागद उघडायचे, फोटो घ्यायचे आणि जागच्या जागी ठेवायचे. त्या दिवशी काहीही "सोबत घेऊन जातो" म्हणू नये. कशावर सही करू नये. कोणता पणजोबा कुणाचा, हे वंशावळीच्या तक्त्यात पेनानं भरू नये. पेन्सिल वापरा. भाच्यानं पहिल्या रात्री एक पिढीच गाळली होती, तिसऱ्या दिवशी त्याची त्यालाच दिसली.

गाडी अडली तर

नाव कुठंच सापडत नाही. पणजीचं शोधत असाल तर आधी हे विचारा, की कोणतं नाव शोधताय? आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, पहिलं नावही बदलायचे. एकाच बाईची दोन नावं, दोन गावं. पुरुषाचं शोधत असाल तर आडनाव विसरा, बापाचं नाव आणि "वल्द" धरून बघा.

गावात गेल्यावर चुलते गप्प झाले. हे होतं, आणि ते वाईट माणसं आहेत म्हणून होत नाही. अमेरिकेतून आलेला माणूस सातबारा मागतो म्हटल्यावर त्यांना वाटतं, हिस्सा मागायला आला. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. म्हणून गावात सातबाऱ्याचा शब्द आधी काढूच नका. आधी मारुतीच्या पारावर बसा, माता मंदिरात जा, नारळ फोडा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला स्पष्ट सांगा: "आम्हाला जमीन नको, आमचे आजोबा कुठं खेळले ते बघायचं आहे." हे वाक्य पाहुण्यानं स्वतः, मोडक्यातोडक्या मराठीत म्हणावं. आपण त्यांच्या वतीनं म्हटलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. भाचीकडून मी ते गाडीत दहा वेळा म्हणवून घेतलं.

चार-पाच दिवस झाले तरी झोप लागत नाही. उजेडाच्या वेळा तपासा, दुपारची झोप तपासा. घरात पडदे लावून दिवस काढत असतील तर दहा दिवसांतही बसणार नाही. पण ताप, जुलाब, अंगदुखी हा जेटलॅग नव्हे, डॉक्टरकडे जा. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली तर क्षणभर थांबू नका, थेट दवाखान्यात न्या. रक्ताची गाठ असू शकते.

पाहुणा एकाएकी रडू लागला किंवा चिडला. झोप मोडलेल्या माणसाचं मन पातळ होतं. त्यात पणजोबांचा फोटो पहिल्यांदा हातात आला की भरून येतं. काही बोलू नका. पाणी द्या, जवळ बसा.

नक्कल मिळायला वेळ लागतोय. लागतोच. अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, शोधायला दिवस. परतीच्या आदल्या दिवशी अर्ज करू नये. इथल्या एखाद्या नातेवाइकाच्या नावानं अर्ज असला तर नंतरही नक्कल घेता येते.

आम्ही कचेरीत चौथ्या दिवशी गेलो, सकाळी साडेदहाला, आणि एकच्या आत बाहेर पडलो. भाचीनं प्रत्येक पानाचे तीन फोटो घेतले: आधी रजिस्टरचा पुठ्ठा, मग माथ्यासकट अख्खं पान, मग नोंद. मी शेजारी उभी राहून प्रत्येक फोटो मोठा करून माथा वाचला. मौजा, हलका नंबर, बंदोबस्त नंबर, तहसील रामटेक. कोतवाल बुकाच्या पानावर आईच्या आजोबांचं नाव होतं, पुढं "मुलगा" आणि तारीख. तोच मुलगा म्हणजे आईचे वडील. त्यांचा जन्मदिवस आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता.

संध्याकाळी नकलेची झेरॉक्स आईच्या हातात दिली. तिनं चष्मा लावून ती ओळ बोटानं दोनदा वाचली आणि विचारलं, "आजीचं नाव नाही लिहिलं का?"

नव्हतं लिहिलं. भाचीनं पेन्सिल घेतली आणि त्या ओळीच्या पुढच्या कोऱ्या जागेत आईला विचारत विचारत दोन्ही नावं लिहिली, आधी माहेरचं, मग सासरचं.